वहिनीच्या निऱ्या

तिने मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे एका पायावर उभं राहणं.

नौपाड्यातल्या साड्यांच्या दुकानात तो माझा पहिला दिवस होता. सकाळी दहाला काउंटरमागे उभी राहिलेले, ती दुपारी अडीचपर्यंत उभीच. गिऱ्हाईक असो वा नसो, साड्या दाखवणाऱ्याने बसायचं नाही, हा दुकानाचा नियम. माझ्या पोटऱ्यांचे दगड झाले होते आणि तोंडावर हसू ठेवून मी एका बाईंना तोच जांभळा रंग चौथ्यांदा 'हा जरा वेगळा जांभळा' म्हणून दाखवत होते. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरून, ओठ फारसे न हलवता, आवाज आला, "डावा उचल."

"काय?"

"डावा पाय. मागे उचल. चाळीस श्वास मोज. मग उजवा. पाच वारात कोणाला कळतंय गं, खाली दोन पाय हायेत का एक?"

मी चोरून तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीतली, ठसठशीत, केसांत अबोलीचा गजरा, अंगावर आम्हा सगळ्यांना दिलेली तीच निळी गणवेशाची साडी. काउंटरच्या वर ती राणीसारखी ताठ उभी होती आणि काउंटरच्या खाली बगळ्यासारखी, एका पायावर. तशाच अवस्थेत तिने समोरच्या गिऱ्हाइकाला पैठणीचा पदर उलगडून दाखवला. तोल जराही गेला नाही.

सगळे तिला आत्या म्हणायचे. शेठ तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तेही आत्याच म्हणायचे. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, नाव कशाला लिहितेस, त्यापेक्षा पाय लिही.

कारण पाय हा तिचा आवडता विषय. स्वतःच्या दोन पायांना तिने नावं ठेवली होती. डावा पाय थोरली, उजवा पाय धाकटी. एका घरात दिलेल्या दोन जावा. "आज थोरली रुसलीय बग. काल रविवारी सगळं काम तिच्या अंगावर टाकलं ना." मग दिवसभर ती धाकटीला कामाला लावायची आणि मधूनच थोरलीची समजूत काढायची, अगदी आवाज बदलून. एकदा चपला बदलता बदलता ती थोरलीला म्हणाली, "माहेरी जायचंय? जाऊ हां, साडेनऊला." पलीकडे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंना वाटलं ती फोनवर सुनेशी बोलतेय. त्या कौतुकाने म्हणाल्या, "किती प्रेमाने बोलता हो!"

ती ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्या आईने आयुष्यभर मासळीबाजारात मासे विकले. दुकान आणि बाजार यांची तुलना आत्या रोज एकदा तरी करायचीच.

"माझी आय बाजारात बसली. बसली हां, पाटावर, मांडी ठोकून. घेणारा समोर येतो, वाकतो, माशाचे कल्ले उघडून बघतो, हात जोडतो, म्हणतो मावशी, जरा बरोबर लाव. वाकतो कोण? घेणारा. आणि हितं बग. घेणारी गुबगुबीत खुर्चीत, आणि मी तिच्या डोक्यावर भुतासारखी उभी. त्या बाईला पण बरं वाटत नसेल गं."

खरं तर या दुकानातही पूर्वी सगळे बसायचेच. पांढरी शुभ्र गादी होती, विकणारे आणि घेणारे समोरासमोर मांडी घालून बसायचे, मधे साड्यांचा डोंगर. मी लागायच्या वर्षभर आधी शेठच्या मुलाने दुकान नवं केलं. त्याला आम्ही छोटे शेठ म्हणायचो. गादी गेली, काचेचे काउंटर आले, दोन कॅमेरे आले, गिऱ्हाइकांना खुर्च्या आल्या आणि आम्हा अकरा जणांच्या वाट्याला फरशी आली. "उभा स्टाफ फ्रेश दिसतो," छोटे शेठ सांगायचा. हे तो नेहमी बसून सांगायचा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी विठ्ठलवाडीच्या घरात पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्यात होते तेव्हा गेटवर वाटायची पत्रकं तेच लिहायचे. कारखाना बंद पडला, पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली राहिले. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. फळीवर कागद म्हणून पत्रकंच अंथरलेली असायची, त्यामुळे डाळीचा डबा उचलला की खाली 'बंधूंनो, जागे व्हा!' दिसायचं. अशा मुलीला साडेअकरा तास उभं केलं तर काय होणार? पहिल्या आठवड्यातच माझं डोकं तापलं. माणसाला बसायला लागतं, ही मागणी कसली, हे तर शरीर आहे!

आत्याचं डोकं मात्र कधी तापायचं नाही. तिच्याकडे वहिनी होती.

वहिनी म्हणजे दर्शनी काचेतला पुतळा. गोरीपान, लांब मानेची, कायम कुठेतरी दूर बघणारी. तिला रोज नवी साडी नेसवायची असायची आणि नेसवताना निऱ्या खालून बसूनच लावाव्या लागतात, ते काम उभ्याने होतच नाही. वहिनीच्या मागे कमरेएवढा प्लायवूडचा आडोसा होता. त्यामुळे तिच्या पायाशी जो बसेल तो रस्त्यावरच्या माणसाला निऱ्या लावताना दिसायचा आणि आतल्या कॅमेऱ्याला दिसायचाच नाही. आत्याने हे बरोबर हेरलं होतं.

"अगं, वहिनीच्या निऱ्या सुटल्या वाटतं. जा बरं."

असं तिने म्हटलं की जिचं नाव घेतलं तिने जायचं, वहिनीच्या पायाशी बसायचं आणि निऱ्या सोडून पुन्हा लावायच्या. सात मिनिटं. मग दुसरी. मग पैठणीच्या काउंटरवरचा दादा, जो दिसायला पैलवान होता आणि ज्याला निऱ्या अजिबात लावता यायच्या नाहीत. तो नुसता बसायचा आणि वहिनीच्या पदराला हात लावून रस्त्याकडे बघत राहायचा. कोणाची पाळी कधी, हे सगळं आत्याच्या डोक्यात. चेहरा बघून ठरवायची. कधी कधी मला स्वतःला कळायच्या आधी तिला कळायचं की मी आता कोसळणार आहे.

दिवसातून दहा-बारा वेळा वहिनीच्या निऱ्या सुटायच्या. शेठ गल्ल्यावरून कौतुकाने म्हणायचे, "आपल्यासारखी काच पूर्ण नौपाड्यात नाही. पोरं सारखी नीट करतात."

दुपारच्या सुट्टीत तिचा दुसरा कार्यक्रम. दुकानामागच्या जिन्यावर, भिंतीला पाय लावून, सगळ्यांनी उताणं झोपायचं. जेवण आधी, मग दहा मिनिटं पाय वर. अकरा माणसं, बावीस तळवे भिंतीवर. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. गाल धरून जिना चढणारे पेशंट आमच्याकडे बघून थबकायचे. एका आजोबांनी घाबरून विचारलेलं, "काय झालं यांना?" आत्या झोपल्या झोपल्याच म्हणाली, "काय नाय काका, रक्त परत पाठवतोय. तुम्ही जावा, दात काढा."

मला हे सगळं आवडायचं आणि पटायचं नाही. हक्काची गोष्ट चोरून का घ्यायची? पुतळ्याच्या आडून का? मी एका रविवारनंतर, पाय बादलीत बुडवून, पत्रक लिहिलं. चार पानी. सुरुवात मानवी श्रमाच्या इतिहासापासून. दुसऱ्या दिवशी जिन्यावर आत्याच्या हातात दिलं. तिने पाय भिंतीवरून काढले, चष्मा लावला आणि सगळं वाचलं.

"छान लिवलंयस गं. कडक." तिने पानं उलटीपालटी केली. "पण स्टूल कुठाय यात?"

"तिसऱ्या पानावर. खालून दुसऱ्या परिच्छेदात."

"तिथपर्यंत कोण पोचणार? उभ्याने वाचवत नाय एवढं."

सगळे हसले. दादा तर इतका हसला की त्याचे पाय भिंतीवरून घसरले. मी रागाने पानं परत घेतली. म्हटलं, "मग काय, आयुष्यभर वहिनीच्या निऱ्या लावायच्या?"

"नाय," ती म्हणाली. "पण आज तरी लावायच्या. पाय आज दुखतात ना."

त्याच महिन्यात एका सकाळी तिने मला सोबत चल म्हणून दुकानाजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. आत तिने साडी घोट्याच्या वर केली तेव्हा मला बघवलं नाही. पायाच्या शिरा हिरव्या-जांभळ्या, सुतळीसारख्या वर आलेल्या. डॉक्टर स्पष्ट बोलले. दर तासाला थोडं बसायचं, पायांना आराम द्यायचा. जमत नसेल तर ही नोकरी सोडायची. त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता ही चिठ्ठी शेठना दाखवा. काम झालं."

तिने चिठ्ठीची चौकोनी घडी केली आणि ब्लाऊजमधल्या बटव्यात ठेवली. "दाखवली तर दोनपैकी एक होईल. एकटीला स्टूल मिळेल, नायतर एकटीला घरी बसवतील. एकटीचं स्टूल घेऊन मी काय करू? समोर तुम्ही दहा जण उभे, आणि मी बसलेली? मना नाय जमायचं."

"आणि सोडावी लागली तर?"

चार पावलं चालल्यावर ती म्हणाली, "साडी उघडताना तिचा वास येतो ना, कोऱ्या रेशमाचा. घरी कुठून येणार तो?"

मला आठवतं, मी त्या दिवशी माझं चार पानी पत्रक पिशवीतून काढलं, एकदा वाचलं आणि पहिल्यांदाच मला ते लांब वाटलं.

लग्नसराई सुरू झाली आणि गर्दी वाढली, तसा छोटे शेठला कॅमेऱ्यात एक प्रश्न दिसला. लोक मधूनच गायब का होतात? त्याने एक दिवस काचेबाहेर रस्त्यावर उभं राहून पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. ओरडला नाही. तो ओरडणाऱ्यांतला नव्हताच.

"गाईज, मला समजतंय तुम्ही डेडिकेटेड आहात. पण दिवसात बारा वेळा निऱ्या? सिरीयसली? मी सोल्यूशन काढलंय."

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. वहिनीला राणी रंगाची पैठणी नेसवली आणि तिच्या निऱ्या कमरेपासून वीतभर खाली, आतून, दोऱ्याने पक्क्या शिवून टाकल्या. आता त्या सुटणार नव्हत्या. साडीही पंधरा दिवस बदलायची नाही, असं ठरलं.

आम्ही अकरा जण वहिनीकडे बघत राहिलो. आत्या एवढंच म्हणाली, "बिचारी. आता तिला पण बसता येणार नाय."

पुढचे दहा दिवस फार वाईट गेले. बगळा चालू होता, जिना चालू होता, पण त्याने कितीसं भागणार? आत्या विनोद करायची, मात्र थोरली-धाकटीशी बोलणं तिने बंद केलं होतं. संध्याकाळी ती काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, "लग्नसराई संपेपर्यंत बघते. मग ठरवते." काय ठरवणार ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

आणि मग त्या रविवारी मी घोळ घातला.

संध्याकाळचे सात वाजलेले. डोंबिवलीचं एक कुटुंब सकाळपासून लग्नाचा बस्ता काढत होतं, आहेराच्या साड्या, मानाच्या साड्या, सगळं. उरलेलं पुन्हा येऊन घेऊ म्हणाले. निघता निघता नवरीमुलीचं लक्ष काचेकडे गेलं. "मला तीच हवी. तीच राणी कलरची." त्या रंगात दुसरी नव्हती. आत्या दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकलेली. मी गेले, वहिनीची पैठणी उतरवली, घडी घातली, खोक्यात ठेवली, हसून हातात दिली. माझे हात काम करत होते, मी स्वतः कुठे होते कोण जाणे. नऊ तास उभं राहिलेल्या माणसाला विचारा, घडी घालताना ते काय बघतं. काही बघत नाही.

सोमवारी सकाळी अकराला ते कुटुंब परत आलं. मुलगी रडवेली, तिची आई लालबुंद आणि पुढे एक आजी. ठेंगणी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात बूट. आजीने खोकं काउंटरवर ठेवलं, साडी बाहेर काढली आणि उभी धरली. ती लोंबकळली पण उलगडली नाही. निऱ्या तशाच्या तशा, वहिनीच्या कमरेच्या मापात शिवलेल्या.

"ही साडी आहे की परकर?" आजींनी विचारलं. "माझी नात काय काचेत उभी राहणार आहे का लग्नात?"

छोटे शेठ खुर्चीतून उठून धावत आला. "सॉरी आजी, एक्स्ट्रीमली सॉरी. कोणी पॅक केली ही?"

घरी इतकं धैर्याबद्दल वाचलेलं, पण तोंडातून आलं ते उंदरासारखं. "मी."

"तू? तुला दिसलं नाही निऱ्या शिवलेल्या आहेत? तूच तर रोज बघतेस! उद्यापासून येऊ नको तू."

तेवढ्यात आत्या आपल्या काउंटरमागून बाहेर आली. तिने आजींच्या हातातून साडी घेतली, दुकानाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली, बटव्यातून ब्लेड काढलं आणि एकेक टाका उसवायला लागली.

"आत्या!" छोटे शेठ दबक्या आवाजात म्हणाला. "इथे नाही, प्लीज. कॅमेरा, कस्टमर... उठा."

"उभ्याने टाका निघत नाय, बाबा. रेशीम फाटेल." मग तिने आजींकडे वर बघितलं. "आजी, पोरीची चूक हाय, खोटं नाय बोलत. पण दमलेली होती. या निऱ्या का शिवल्या, सांगू? आम्ही त्या लावायच्या निमित्ताने खाली बसायचो. सात-सात मिनटं. म्हणून शिवल्या."

आजींनी छोटे शेठकडे पाहिलं, मग रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे. मग आत्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"किती तास उभ्या असता?"

"दहा ते साडेनऊ."

"चप्पल काढ. पाय दाखव."

"राहू दे हो आजी..."

"अगं, तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. नर्स होते. कोणाचं काय काय बघितलंय. लाजतेस कसली? दाखव."

आत्याने पाय पुढे केला. आजी वाकल्या, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खड्डा पडला. आम्ही सगळे बघत होतो. खड्डा भरून येईना. तो तसाच राहिला, चिखलात बोट उमटल्यासारखा.

आजींचा चेहरा बदलला. त्या मागे न बघता म्हणाल्या, "पुढची."

कोणाला काही कळेना. "पुढची या! रांगेने. चपला काढून."

आणि आम्ही गेलो. खरंच गेलो. बस्त्याच्या दुकानात, सोमवारी सकाळी, भर गिऱ्हाइकांत, एकेक करून चप्पल काढून आजींपुढे पाय धरला. आजी अंगठा दाबायच्या, बघायच्या, "हं, पुढची." माझ्या नडगीवरही खड्डा पडला. मला माहीतच नव्हतं. दादा मोजे काढायला लाजला. काढले तर मोज्यांच्या इलास्टिकची नक्षी पायावर खोल उमटलेली. आजी म्हणाल्या, "अरे पैलवाना, तुझे पाय तर भाकरीच्या पिठासारखे झालेत." दादा लाल झाला आणि सगळं दुकान हसलं. रडवेली नवरीमुलगीसुद्धा हसली. एक अनोळखी गिऱ्हाईक बाई मधेच म्हणाल्या, "आजी, माझे पण बघता का? मी बँकेत आहे."

दहा जण झाले. आत्या धरून अकरा. मग आजींनी छोटे शेठला बोट करून बोलावलं.

"मी? मला काही नाही हो."

"म्हणूनच. ये."

तो आला. काय करणार, बस्ता अजून अर्धा बाकी होता. आजींनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, काढला. पाय क्षणात पूर्ववत. आजींनी कौतुकाने थोपटलं. "छान आहेत. हा बसतो."

त्या हशात छोटे शेठचे कान लाल झाले. पण मुलगा वाईट नव्हता, मी आजही म्हणेन. तो आत्याच्या पायावरच्या खड्ड्याकडे पुन्हा पुन्हा बघत होता. शेवटी घसा साफ करून म्हणाला, "ओके. आत्या, मला आयडिया नव्हती. तुम्हाला एक स्टूल देतो. आजच."

तिला पाहिजे होतं ते समोर आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, पायांना हवं असलेलं, नोकरी वाचवणारं. फक्त हो म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होते, हो म्हण, आत्या, हो म्हण. आणि तेव्हा मला माझी लाज वाटली.

आत्याने आणखी एक टाका उसवला. दोरा ओढून काढला.

"अकरा."

"आत्या, जरा प्रॅक्टिकली..."

"एकच असेल तर मना नको. माझ्या चपला तिकडं पडल्यात, तेवढ्या दे. मी जाते." आवाज चढला नव्हता. "हिला पण तू जा म्हणालास ना? दोघी जातो. एवढे टाके मात्र काढून देते. पोरीचं लगीन हाय."

फक्त ब्लेडचा बारीक आवाज. मग दादा पुढे आला आणि आत्याशेजारी फरशीवर बसला. साडीचा काठ ताणून धरला, टाका सोपा जावा म्हणून. त्याच्या शेजारी मी बसले. मग एकेक करून सगळे. अकरा माणसं राणी रंगाच्या पैठणीभोवती गोल बसली आणि प्रत्येकाच्या हातात काठाचा थोडा थोडा तुकडा. कॅमेऱ्यात हे सगळं अगदी मधोमध येत होतं.

आजी खुर्चीत मागे रेलल्या. "आमचा बस्ता अजून बाकी आहे. आम्ही थांबतो. घाई नाही."

तेव्हा गल्ल्यावरून मोठे शेठ उठले. ते सावकाश चालत आले, आमच्या वर्तुळाकडे आणि मधल्या साडीकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून, हूं हूं करत, दादाच्या आणि माझ्या मधे बसले. पैठणीचा काठ बोटांत धरला.

"किती दिवसांनी खालून साडी बघितली," ते म्हणाले. मग मुलाकडे वर बघून, "बाळा, अकरा आण. लाकडी. पाठ असलेली."

छोटे शेठ उभाच होता. म्हणाला, "पप्पा, बारा आणतो. तुम्हाला आता उठवायला पण एक लागेल."

माझी नोकरी गेली नाही, हे कोणी वेगळं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इस्त्री फिरवल्यावर टाक्यांची भोकं जवळजवळ दिसेनाशी झाली. उरलेली निऱ्यांच्या आत जातील, असं आजींनीच नातीला पटवलं.

मी घरी बाबांना सगळं सांगितलं. ते अधीर होऊन विचारत होते, "निवेदन दिलं होतं का? किती जणांच्या सह्या?"

"सही कोणाचीच नाही," मी म्हटलं. "सगळ्यांनी पाय दाखवले."

बाबा खूप वेळ हसले.

स्टुलं गुरुवारी आली. आमच्यासाठी अकरा, आणि एक गल्ल्याजवळ. आम्ही ती काउंटरमागे लावली आणि त्यांच्याशेजारी उभे राहिलो. खरं सांगते, बसवेना. इतक्या महिन्यांची सवय अंगात मुरलेली. दादा स्टुलावर टेकायचा आणि विंचू चावल्यासारखा उठायचा. आत्या मात्र बसली. आरामात, पाय पुढे सोडून, साडीच्या घड्या मांडीवर घेऊन. मी तिच्याकडे बघून बसले आणि तेवढ्यात दार उघडलं. एक बाई आत आल्या, पिशवी सावरत, इकडेतिकडे बघत. मी ताडकन उठायला गेले.

आत्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. जड, ऊबदार.

"बस," ती म्हणाली. "ती चालत येतेय ना? येऊ दे."

बाई आल्या, समोर बसल्या. आमचे डोळे एका उंचीवर आले. मी कोऱ्या साडीची घडी मोडली.